फूस

काही वर्षांपूर्वी बडोद्यातल्या एका फौजदारी न्यायालयात मी दुभाषी म्हणून उभी होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. सारा जन्म दांडिया बाजारात गेला असला, तरी गुजराती त्यांना भाजीपाल्याच्या व्यवहारापुरतीच येत असे. मनातले काही सांगायचे झाले की त्या मराठीवर येत, आणि म्हणूनच न्यायालयाने मला बोलावले होते. त्यांच्या ट्रंकेचे कुलूप त्यांच्याच भाच्याने तोडले होते आणि आतल्या पाटल्या विकून टाकल्या होत्या. भाच्याबद्दल वाद उरला नव्हता. वाद होता तो शेजारच्या एका गृहस्थाबद्दल, ज्याने ट्रंकेला बोटही लावले नव्हते. त्याच्याकडे न बघता मावशी म्हणाल्या, "आमचा पोरगा असा नव्हता हो साहेब. ह्याने त्याला फूस लावली." मी क्षणभरही न थांबता गुजरातीत सांगितले, "आ माणसे एने उश्केर्यो." तशी नोंद झाली.

उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमका तोच शब्द धरला. उश्केर्यो, म्हणजे काय केले? कोणते शब्द वापरले? किती मोठ्याने? भांडण कशावरून सुरू झाले होते? मी एकेक प्रश्न मराठीत करत गेले आणि मावशींचा चेहरा गोंधळत गेला. "भांडण कशाला होईल? तो कधी आवाज चढवून बोललाच नाही. तो तर फार गोड बोलायचा. ह्याला चहा पाजायचा, खांद्यावर हात ठेवून पाराशी बसायचा." साक्षीदार आपल्याच विधानाला छेद देत आहे, असे वकिलांनी शांतपणे नमूद करून घेतले. ते त्यांचे कामच होते. माझ्या मात्र तळहाताला घाम आला, कारण ती विसंगती मावशींची नव्हती, माझी होती. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदाराबरोबर दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी पोचवीन अशी. सकाळी अकराला मी ती घेतली होती.

उश्केरणी म्हणजे भडकवणे. तिच्यात जाळ आहे, आवाज आहे. मराठीत तिच्या जवळ जाणारा शब्द चिथावणी. फूस त्याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. ती हळू असते, गोड असते, बहुतेक वेळा तिसऱ्याला ऐकूही जात नाही. आपल्या भाषेने या एका दुष्कृत्यासाठी किती निरनिराळे शब्द करून ठेवले आहेत, हे त्या दिवसापर्यंत माझ्या खरोखर लक्षात आले नव्हते. कान भरणे हे रोज थोडे थोडे चालते. कान फुंकणे एका बैठकीत होते. काडी लावणारा निघून जातो आणि आग मागे राहते. भरीला घालणाऱ्याला समोरच्याची हौस नेमकी ठाऊक असते, हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्याला त्याचा अहंकार. यांतले कोणतेही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही, कारण प्रत्येकात गुन्हा घडवण्याची रीत वेगळी आहे. गुजरातीतही हा संसार तितकाच मोठा आहे: चढामणी आहे, कान भंभेरणी आहे, आणि मला हवा होता तो शब्दही आहे, फोसलाववुं. आपले फुसलावणे तेच ते. इतका सख्खा शब्द हाताशी असताना मी परका उचलला होता.

कायद्याने या सगळ्यांना एकाच छत्राखाली आणले आहे. भारतीय दंड संहितेच्या अधिकृत मराठी पाठात तो शब्द अपप्रेरणा असा आहे. हिंदीत दुष्प्रेरण म्हणतात आणि आमच्याकडच्या गुजराती वर्तमानपत्रांत आपघाताच्या, म्हणजे आत्महत्येच्या, बातमीत दुष्प्रेरणा हा शब्द नेहमी दिसतो. मुळात धातू ईर्, हलवणे, चालना देणे. त्याला प्र लागला की प्रेरणा होते, पुढे ढकलणे. शाळेच्या भिंतीवर सुविचारांखाली लिहिलेली प्रेरणा आणि आरोपपत्रातली अपप्रेरणा या एकाच धातूच्या लेकी आहेत, फरक फक्त दोन अक्षरांच्या उपसर्गाचा. मला दुष् पेक्षा अप अधिक योग्य वाटतो. दुष् म्हणजे वाईट, एवढेच. अप मध्ये वाटेवरून बाजूला नेणे आहे, अपभ्रंशात आहे तसे, आणि मावशींच्या भाच्याचे तेच झाले होते. मराठी वर्तमानपत्रे मात्र 'आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा' असे लिहितात आणि ते मला कधी पटलेले नाही. प्रवृत्त करणे या शब्दांत दोषच शिल्लक राहत नाही. मुलांना वाचनालाही आपण प्रवृत्तच करतो.

इंग्रजी कायद्याचा शब्द अबेटमेंट. तो नॉर्मन फ्रेंचमधून इंग्लंडच्या न्यायालयांत आला आणि बहुतेक कोशकार त्याचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या 'बैता' या क्रियापदाशी नेतात. त्याचा अर्थ चावायला लावणे. मध्ययुगीन युरोपात साखळीने बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालत असे आणि कुत्र्यांना छू करून अंगावर घालण्यासाठी या घराण्यातला शब्द वापरला जाई. म्हणजे या गंभीर कायदेशीर शब्दाच्या तळाशी एक कुत्रा आहे, एक बांधलेला जीव आहे, आणि थोड्या अंतरावर हात पाठीमागे बांधून उभा असलेला एक माणूस आहे. दात कुत्र्याचे. छू त्या माणसाचे. इन्स्टिगेट हा दुसरा शब्द लॅटिनमधला. त्यात टोचण्याचा अर्थ आहे, आपल्याकडे बैलाला पराणी टोचतात तसा. २००१ साली छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीचा अर्थ सांगताना टोचणे, पुढे रेटणे, डिवचणे, भडकवणे, उत्तेजन देणे अशी क्रियापदांची ओळच लावली. न्यायाधीशांनाही एका शब्दावर भागवता आले नाही, याचा मला दुभाषी म्हणून दिलासा वाटतो.

त्या नॉर्स क्रियापदाबद्दल वाचताना एका गोष्टीने मी फार वेळ थबकले. 'बैता' हे चावणे या अर्थाच्या साध्या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. आपण शाळेत करणे–करवणे, बसणे–बसवणे असे शिकलो, त्यातला प्रकार. या प्रयोजकाचा विचार आपल्याकडे व्याकरणाने आधीच करून ठेवला होता. जो स्वतंत्र आहे तो कर्ता, असे पाणिनी एका सूत्रात सांगतो आणि लगेच पुढच्या सूत्रात म्हणतो, 'तत्प्रयोजको हेतुश्च'. त्या कर्त्याला जो कामाला लावतो त्याला हेतू म्हणावे, आणि कर्ताही म्हणावे. त्यातला च मला सर्वांत मोलाचा वाटतो. करणाऱ्याचे कर्तेपण काढून घेतलेले नाही आणि करवणाऱ्यालाही वाक्याबाहेर जाऊ दिलेले नाही. कुलूप भाच्याने तोडले आणि शेजाऱ्याने तोडवले. व्याकरणात दोघेही कर्ते.

धर्मशास्त्राने हीच गोष्ट दंडाच्या भाषेत सांगितली. आपस्तंब धर्मसूत्रात प्रयोजयिता, मन्ता आणि कर्ता, म्हणजे करायला लावणारा, संमती देणारा आणि करणारा, असे तिघेही कर्माच्या स्वर्ग-नरकरूप फळाचे वाटेकरी मानले आहेत. याज्ञवल्क्य स्मृती त्याही पुढे जाते. जो दुसऱ्याकडून साहस, म्हणजे बळजोरीचा अपराध, करवतो त्याला दुप्पट दंड; आणि 'पैसे मी देईन' असे म्हणून जो करवतो त्याला चौपट. ज्या स्मृतीवरची मिताक्षरा टीका वारसाहक्काच्या वादांत आमच्या न्यायालयांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, त्याच स्मृतीचे हे वचन आहे. आजचा कायदा इतका कठोर नाही. प्रेरणेमुळे अपराध घडला आणि वेगळी तरतूद नसली, तर प्रेरकाला त्या अपराधाचीच शिक्षा, एवढे तो म्हणतो. दुप्पट दंडाचा हिशेब मला समजतो. करणारा निदान आपली मान धोक्यात घालतो. करवणारा दोघांची पापे करतो, एक स्वतःचे आणि एक दुसऱ्याला करायला लावलेले, आणि पुन्हा नामानिराळा राहतो.

बडोद्यात राहून या शब्दाचा विचार करायचा आणि बडोदा संस्थानचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचे प्रकरण टाळायचे, हे होण्यासारखे नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेन्सीत ब्रिटिश सरकारचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी सकाळी पपनसाच्या रसाचे सरबत घेतले, दोन-तीन घोट पिऊन उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी साचलेला गाळ त्यांच्या नजरेस पडला. तपासणीत सोमल निघाला आणि हिऱ्याची पूड निघाली, असे सांगण्यात आले. पेला भरणारे हात रेसिडेन्सीतल्या नोकरांचे होते, हे उघडच होते. पण खटला त्या हातांवर चालला नाही. फेब्रुवारी १८७५ मध्ये बडोद्यात सहा जणांचा आयोग बसला आणि महाराजांवरच्या चार आरोपांपैकी शेवटचा असा होता की, मल्हाररावांनी चिथावलेल्या माणसांनी विष घालण्याचा प्रयत्न प्रत्यक्षात केला. ब्रिटिश हिंदुस्थानची १८६० ची दंड संहिता संस्थानाच्या राजाला लावता येत नव्हती, तरी आरोपाची भाषा मात्र तिच्याच वळणाची होती. राजवाड्यातून निघालेला एखादा शब्द रेसिडेन्सीतल्या पेल्यापर्यंत पोचला का, एवढेच ठरवायचे होते.

आणि ते ठरले नाही. आयोगात तीन इंग्रज होते, अध्यक्षस्थानी बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच. आणि तीन हिंदी सभासद होते, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंग आणि सर दिनकरराव. तिन्ही इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले, तिन्ही हिंदी सभासदांना वाटले नाही. पुरावा एकच, साक्षीदार तेच, आणि मते तीनास तीन. या विभागणीत राजकारण होते हे मी नाकारत नाही. पण एका माणसाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या हातून घडलेल्या कृत्याशी जोडणे किती अवघड असते, हेही त्यात आहे. हाताचे ठसे मिळतात. शब्द हवेत विरतो आणि पुढे तो फक्त साक्षीदारांच्या जिभेवर उरतो.

त्या खटल्यातले साक्षीदार तर मोठ्या भारी ओझ्याखाली बोलत होते. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत आणि रेसिडेन्सीतले नोकर माफी मिळवून किंवा कैदेत राहून साक्ष देत होते. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेले बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन यांचा सारा रोख यावर होता की, ही कथा पोलिसांच्या हाताखाली तयार झाली आहे. साक्षीदाराला खोटे बोलायला लावण्याच्या अपराधाला इंग्रजी कायद्यात सबॉर्नेशन असे वेगळे नाव आहे. लॅटिनमध्ये सब म्हणजे खालून, गुपचूप, आणि ओर्नारे म्हणजे सज्ज करणे, सजवणे. इंग्रजीतला ऑर्नामेंट त्याच घराण्यातला. लॅटिन भाषिकाला खोटा साक्षीदार गुपचूप नटवलेला दिसला. आपल्याला तो पढवलेला दिसतो, पिंजऱ्यातल्या पोपटासारखा. आणि ज्याला मुद्दाम शिकवलेले आहे त्याची जीभ कुठे सफाईदार चालते आणि कुठे अडते, हे कोर्टात रोज बसणाऱ्या कारकुनालाही कळते. आपल्या संहितेने मात्र या अपराधासाठी बराच काळ वेगळे कलम केले नव्हते. खोटी साक्ष हा अपराध आणि तिची अपप्रेरणा हाही अपराध, एवढ्यावर काम चालत असे. खोट्या साक्षीसाठी धमकावण्याचे स्वतंत्र कलम २००६ मध्ये अमलात आले.

एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. जाहीरनाम्यात कारण दिले गेले ते विषप्रयोगाचे नव्हते, गैरकारभाराचे होते. चिथावणी सिद्ध झाली नाही तेव्हा सरकारने ती बाजूला ठेवली आणि दुसऱ्या वाटेने हवे ते केले. त्याच वर्षी कवळाण्याहून आणलेला एक मुलगा दत्तक घेतला गेला आणि गादीवर बसला, तो सयाजीराव. सूरसागर तलावासमोरचे न्यायमंदिर १८९६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. आणि १९३१ मध्ये 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला, राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत प्रतिशब्द देणारा. एका शब्दावरून गादी गेली त्या गावात छप्पन वर्षांनी कायद्याच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला गेला, याचा मला बडोदेकर म्हणून अभिमान आहे. ज्या राज्यात राजाची भाषा एक, रयतेची दुसरी आणि वरच्या सरकारची तिसरी, तिथे शब्द चुकला तर माणूस चुकीचा ठरतो, हे त्या लोकांना नेमके कळले होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. १०७ क्रमांकाची व्याख्या ४५ वर गेली आणि आत्महत्येच्या अपप्रेरणेचे ३०६ वे कलम १०८ वे झाले. आशय तोच राहिला. अपप्रेरणा तीन प्रकारे होते: चिथावणी देऊन, कटात सामील होऊन त्यानुसार काही घडल्यावर, किंवा जाणूनबुजून साहाय्य करून. या कलमांखालची उदाहरणे मला फार आवडतात, कारण त्यांत माणसे आहेत, नावे नसली तरी. क चा खून करायला अ हा ब ला सांगतो, ब नकार देतो. तरीही अ दोषी. शब्द गेला तिथेच अपराध पुरा झाला, ऐकणारा सज्जन निघाला म्हणून बोलणारा सुटत नाही. दुसऱ्या एका उदाहरणात एक अधिकारी वॉरंट घेऊन एका माणसाला पकडायला निघाला आहे आणि कोणीतरी जाणूनबुजून भलत्याच माणसाकडे बोट दाखवून 'हाच तो' असे सांगतो. तिथे राग नाही, भडकवणे नाही, एक खोटे वाक्य आहे फक्त, आणि कायदा त्यालाही चिथावणीच म्हणतो. मावशींच्या शेजाऱ्याला बसेल असे माप कायद्यात होते. गोड बोलणे कायद्याच्या कक्षेबाहेर नव्हते. ते माझ्या भाषांतराच्या बाहेर राहिले होते.

पण मापाची दुसरी बाजूही तितकीच काटेकोर आहे, आणि ती असायलाच हवी. २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात भांडणाच्या भरात 'जा, मर जाऊन' असे बोलल्याचा आरोप होता आणि दोन दिवसांनी समोरच्याने जीव दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती अपप्रेरणा मानली नाही: रागाच्या भरात निघालेल्या शब्दांमागे तसा हेतू गृहीत धरता येत नाही, आणि मधल्या काळात मृताला विचार करायला पुरेसा अवधी होता. मराठी घरांत 'मर मेल्या' हे किती सहज तोंडी येते ते आठवले की हा निकाल पटतो. म्हणजे जोरात उच्चारलेला भयंकर शब्द निर्दोष ठरू शकतो आणि पाराशी चहाबरोबर हळूच बोललेला साधा शब्द गुन्हा ठरू शकतो. ठरवायचे कशावरून, तर हेतूवरून आणि त्या शब्दाच्या नेमक्या जातीवरून. ती जात न्यायाधीशांपर्यंत पोचवण्याचे काम माझे होते.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सरकारी वकिलांना गाठले आणि चूक सांगितली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सुट्टीनंतर मला बोलू दिले. मी उभी राहिले आणि सांगितले की, साक्षीदाराच्या शब्दाचे मी केलेले भाषांतर चुकले आहे. मूळ शब्द अमुक, त्याचा गुजराती अर्थ अमुक. बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली आणि ती घेण्याचा त्यांना हक्क होता, कारण आता उत्तर ऐकून झाल्यावर शब्द बदलला जात होता. न्यायाधीशांनी मावशींना पुन्हा पिंजऱ्यात बोलावले आणि माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारले की, फूस लावली म्हणजे काय केले ते तुमच्या शब्दांत सांगा. ते काय विचारताहेत हे मी सांगण्याआधीच मावशींना कळले असावे.

"रोज थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "मावशी म्हातारी झाली, पाटल्या काय वर घेऊन जाणार, तुझ्याच आहेत शेवटी, असं. रोज थोडं थोडं."

हे मी शब्दाला शब्द ठेवून गुजरातीत केले, आणि 'रोज थोडं थोडं' दोन्ही वेळा केले. जबानीच्या कागदावर उश्केर्यो या शब्दाला रेघ मारून वर फोसलाव्यो लिहिले गेले आणि शेजारी न्यायाधीशांची आद्याक्षरे पडली. पुढे खटल्याचे जे व्हायचे ते इतर पुराव्यावर झाले आणि ते सांगण्याचा मला अधिकार नाही. बाहेर आल्यावर मावशींनी माझा हात धरून विचारले, "ताई, आता बरोबर लिहिलं ना? तो ओरडला नव्हता हो कधी." मी हो म्हटले आणि त्यांना रिक्षात बसवून दिले.

माझ्याजवळ एक वही आहे, जाड पुठ्ठ्याची, शब्दांच्या जोड्या लिहून ठेवण्याची. त्या रात्री तिच्यात एक ओळ वाढली: फूस लावणे, फोसलाववुं, उश्केरवुं कदापि नाही.